सेल बदलायच्या आधी मीटर लावा: शेतातला घरगुती सेन्सर मधेच का बंद पडतो?

आखाड्यावरच्या टाकीतलं पाणी घरबसल्या मोबाईलवर कळावं म्हणून जोडलेला एक डबा. आत वायफायवाला नोडएमसीयू बोर्ड, पातळी मोजणारा सेन्सर, एक १८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा गोल लिथियम सेल) आणि तो भरणारा टीपी४०५६ चार्जर. घरात टेबलावर तो दोन दिवस बिनचूक चालतो. शेतात नेला की कधी मेसेज येतो, कधी येत नाही, आणि आठवड्याभरात पूर्ण गप्प. सेल काढून मीटर लावावा तर ३.८ व्होल्ट. सेलही बरा, बोर्डही बरा, तरी डबा बंद. मग नवा सेल आणला जातो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं.

ते ३.८ व्होल्ट सेल निवांत बसलेला असतानाचे आहेत. बोर्ड वायफायवर बोलायला लागतो तेव्हा एखाद्या मिलीसेकंदापुरता ३०० ते ४०० मिलीअँप करंट ओढतो. नेमक्या त्या वेळी बोर्डाच्या पिनवर किती व्होल्ट उरतात, यावर सगळं अवलंबून आहे. सेलपासून चिपपर्यंतच्या वाटेत होल्डरची स्प्रिंग, स्विच, जम्पर (जोडवायर) आणि रेग्युलेटर (व्होल्ट ठरावीक ठेवणारी चिप) असे टोलनाके असतात, आणि प्रत्येक जण थोडं थोडं कापून घेतो. कोण किती कापतो ते मोजल्याशिवाय एकही भाग बदलू नये.

सामान

साधा डिजिटल मीटर पुरतो, पण आधी त्याच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी नवी घाला. ती उतरली की स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त व्होल्ट दाखवतात आणि मेलेला सेल ठणठणीत वाटतो. १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, पांढऱ्या सिमेंटचा मिळतो तोच. सिमकार्डाचा मोड्यूल वापरत असाल तर २.२ ओहम १० वॅटचा आणखी एक. १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचे दोन कॅपेसिटर, १०४ छापलेले चार-पाच सिरॅमिक कॅपेसिटर, सोल्डरिंग गन, ०.५ चौरस मिमी तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर दोन मीटर. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत हे सगळं मिळतं. गावात टीव्ही दुरुस्तीवाला असेल तर रेझिस्टर आणि कॅपेसिटर त्याच्या जुन्या बोर्डांतूनही निघतात. मात्र जुना कॅपेसिटर डोक्यावर फुगलेला नाही ना, ते बघून घ्या.

आधी वेळ बघा

डबा कोणत्या वेळी बंद पडतो यावरून निम्मा शोध लागतो. पहाटे बंद आणि ऊन चढल्यावर आपोआप चालू होत असेल, तर सेल म्हातारा झालाय. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो, आणि परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो तेव्हा असे सेल हमखास उघडे पडतात. उलट दुपारी दोन-तीनला बंद आणि संध्याकाळी चालू असेल, तर तापून सुटणारा कच्चा सोल्डर किंवा उन्हात भाजलेला सेल तपासा. मेसेज पाठवायच्या क्षणीच रीस्टार्ट होत असेल तर वाटेत व्होल्ट पडताहेत. काही दिवस नीट चालून सेल पूर्ण रिकामा होत असेल तर गळती आहे, किंवा प्रोग्राम झोपतच नाही, म्हणजे दोन मापांच्या मधे चिप बंद ठेवत नाही.

मोटर चालू करताना स्टार्टर खटकन बसला की डबा रीस्टार्ट होतो, असंही पुष्कळदा दिसतं. हा बॅटरीचा दोष नव्हे. कॉन्टॅक्टरच्या ठिणगीचा गोंगाट सेन्सरच्या लांब वायरीतून आत शिरतो. डबा आणि त्याच्या वायरी स्टार्टरपासून दोन-तीन मीटर लांब घ्या, मोटरच्या केबलला समांतर नेऊ नका. स्टार्टरच्या आत हात घालायचं काम वायरमनचं आहे. तिथं ४१५ व्होल्ट असतात.

बोर्ड स्वतःही कारण सांगतो. तो ईएसपी३२ चिपचा असेल तर लॅपटॉपला जोडून सिरियल मॉनिटर (बोर्डाचे मेसेज दाखवणारी खिडकी) उघडा. व्होल्ट पडल्यामुळे रीस्टार्ट झाला असेल तर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ अशी ओळ येते. फक्त, लॅपटॉपच्या यूएसबीवरून बोर्डाला ५ व्होल्ट मिळत असतील तर दोष दिसणारच नाही. म्हणून केबलमधली लाल वायर तोडलेली एक केबल करून ठेवा: डेटा आणि ग्राउंड लॅपटॉपकडून, पॉवर तुमच्या सेलकडून. बॅटरीवर काम करणाऱ्याला ही केबल रोज लागते.

सेलची परीक्षा

सेल पूर्ण चार्ज करा, तासभर तसाच ठेवा, मग मोजा. चांगला लिथियम आयन सेल ४.१ ते ४.२ व्होल्ट दाखवतो. तासाभरात ४.० च्या खाली घसरला तर तो धरत नाही. आता सेलच्या दोन टोकांना १० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि पाच सेकंदांनी, रेझिस्टर जोडलेलाच असताना, पुन्हा मोजा. रेझिस्टर गरम होईल, बोटानं धरू नका.

हिशेब सोपा आहे. रिकामा असताना ४.०५ आणि रेझिस्टरसह ३.९७ आले, तर ०.०८ व्होल्ट पडले. करंट ३.९७ भागिले १०, म्हणजे साधारण ०.४ अँप. ०.०८ भागिले ०.४ केलं की सेलचा आतला रोध ०.२ ओहम. नवा चांगला सेल ०.१ च्या आसपास किंवा कमी येतो. ०.२ पर्यंत वायफायचं काम निभतं. ०.३ च्या वर गेलेला सेल टॉर्चला वापरा, सेन्सरला नको.

सेलवर ९९०० मिलीअँप-तास छापलेलं असेल तर ते तिथंच खोटं ठरतं. १८६५० च्या आकारात चांगल्यात चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावरही भांडं फुटतं: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली पुष्कळ हलका. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल वाईट नसतात, पण २.५ व्होल्टच्या खाली जाऊन महिनोन्‌महिने पडलेला, फुगलेला, चेपलेला किंवा वरचं आवरण सोललेला सेल चार्जिंगला लावू नये. आणि कुठलाही लिथियम सेल कडब्याच्या गंजीजवळ किंवा कापसाच्या ढिगाशेजारी चार्ज करू नका. मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ठेवून, कुणी जागं असताना करा.

सेलला सरळ सोल्डर लावू नये. उष्णता आतल्या पडद्यापर्यंत जाते. पट्टी वेल्ड केलेला सेल घ्या, नाहीतर होल्डर वापरा.

दुसऱ्या जातीच्या बॅटऱ्यांबद्दल थोडक्यात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वायफाय, सर्वो मोटर किंवा रिले यांतल्या कशालाही लायक नाही. तिच्यात ताकद जेमतेम ४००-५०० मिलीअँप-तासांची, आतला रोध मोठा, आणि रेग्युलेटर उरलेले व्होल्ट उष्णता करून उडवतो. साधा अर्डुइनो उनो स्वतःच ४५-५० मिलीअँप खातो, त्यामुळे दहा तासांत तिचा निकाल लागतो. घड्याळातला बटन सेल, सीआर२०३२, काही मिलीअँपसाठी बनलेला आहे. वायफायची चिप त्यावर उठणारच नाही. मोबाईलची पॉवर बँक जोडली आणि अर्ध्या मिनिटात डबा बंद झाला, तर त्यात दोष काही नाही. ओढ कमी दिसली की मोबाईल भरला असं समजून ती स्वतःच बंद होते. झोपणाऱ्या सेन्सरसाठी पॉवर बँक वापरू नये.

वाटेतला हिशेब

सगळ्यात जास्त दोष इथंच सापडतात, म्हणून इथं घाई नको.

स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदा मोजतो, आणि वायफायचा झटका मिलीसेकंदाचा. मीटर तो पकडू शकत नाही. म्हणून बोर्ड काढून ठेवा आणि बोर्डाच्या जागी, त्याच वायरींना, १० ओहमचा रेझिस्टर लावा. झटक्याइतकाच करंट आता सलग वाहतो आणि मीटरला तो निवांत दिसतो. काळी काडी सेलच्या उणे टोकावर धरा. लाल काडी आधी सेलच्या अधिक टोकावर, मग होल्डरच्या वायरीवर, मग टीपी४०५६ च्या आऊट+ वर आणि शेवटी बोर्डाच्या जागेच्या वायरीवर, अशी पुढं पुढं सरकवत न्या.

समजा, रेझिस्टर लावण्याआधी सेल ४.०२ होता. लावल्यावर सेलच्या टोकावर ३.९५, होल्डरच्या वायरीवर ३.८३, टीपी४०५६ च्या आऊट+ वर ३.८० आणि बोर्डाच्या जागी ३.६१ आले. एकूण ०.४१ व्होल्ट गेले. त्यातले सेलनं खाल्ले ०.०७, होल्डरनं ०.१२, तिथून आऊट+ पर्यंतच्या वाटेनं ०.०३, आणि स्विच व जम्पर मिळून ०.१९. इथं नवा सेल आणला तर वाचतील फार तर ०.०४. होल्डर आणि जम्पर सुधारले तर पाव व्होल्टच्या वर हाती येईल.

मग हेच उणे बाजूला करा: लाल काडी बोर्डाच्या जागेच्या ग्राउंडवर, काळी सेलच्या उणे टोकावर. ०.०५ च्या वर काही दिसलं तर ग्राउंडच्या वायरीतही गळा आवळलेला आहे. ही बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत. टीपी४०५६ च्या मोड्यूलवर उणे बाजूलाच, सेल फार रिकामा होऊ न देणारे, संरक्षणाचे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात, त्यामुळे तिथं दोन-तीन शतांश व्होल्ट जाणं ठरलेलं आहे.

होल्डरच्या स्प्रिंगा लोखंडी असतात, वर पातळ मुलामा. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना जोडणारी तांब्याची एक तार सोल्डर केली की करंट स्प्रिंगमधून न जाता तारेतून जातो. ब्रेडबोर्ड आणि रंगीत जम्पर घरात प्रयोग करायला ठीक, शेतात नाहीत. त्यांतल्या पुष्कळ तारा तांब्याच्या दिसतात, पण चुंबकाला चिकटतात. खात्री करून घ्या. पॉवरची वाट सगळी ०.५ चौरस मिमीच्या वायरीनं, सोल्डर करून, शक्य तितकी आखूड जोडा. जुन्या रेडिओतला स्विच काढून लावला असेल तर त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. एकदा तो स्विचच शॉर्ट करून बघा, फरक पडतो का ते.

एक चूक इतक्यांदा दिसते की वेगळी सांगायला हवी. टीपी४०५६ च्या मोड्यूलवर बी+ आणि बी− या जागा सेलसाठी, आऊट+ आणि आऊट− या बोर्डासाठी. बोर्ड सेलच्या जागांवरच जोडला तर डबा चालतो, पण संरक्षण बाजूला राहतं आणि सेल शून्याकडे घसरत मरतो. नीट जोडलं असेल तर डीडब्ल्यू०१ ही चिप २.४ व्होल्टच्या आसपास वाट तोडते. तोडल्यावर सेलवर ३ व्होल्ट परतलेले दिसतात आणि आऊटवर शून्य. मोड्यूल जळाला म्हणून तो फेकू नका. चार्जर एक मिनिट लावला की वाट पुन्हा उघडते. चार टोकांऐवजी फक्त बी+ आणि बी− असलेला मोड्यूल आला असेल तर त्यात हे संरक्षणच नाही.

रेग्युलेटर: निम्मा सेल वाया

नोडएमसीयूच्या बऱ्याच बोर्डांवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याला ३.३ व्होल्ट द्यायचे तर वर आणखी सुमारे १.१ व्होल्ट हवेत, म्हणजे ४.४. लिथियम सेल भरून ओसंडला तरी ४.२ च्या पुढे जात नाही. भरलेल्या सेलवर चिपला ३.१ मिळतात, काम चालतं. सेल ३.७ वर आला की चिपला २.६, आणि वायफायच्या झटक्यात त्याहून खाली. सेलमध्ये निम्मी ताकद शिल्लक असताना डबा बंद पडतो तो याच्यामुळे. वर तो स्वतःच पाच-एक मिलीअँप सतत पितो.

बोर्डावरच्या तीन पायांच्या चिपवरची अक्षरं भिंगातून वाचा. एएमएस१११७ निघाला तर सेल व्हीआयएन पिनला न जोडता एचटी७८३३ या रेग्युलेटरमधून थेट ३.३ व्होल्टच्या पिनला जोडा. तो ५०० मिलीअँप देतो, स्वतः काही मायक्रोअँपच खातो, आणि वर फक्त काही दशांश व्होल्ट मागतो. तो मिळाला नाही तर एचटी७३३३ चालेल, पण त्याची मर्यादा २५० मिलीअँप आहे, त्यामुळे पुढे मोठा कॅपेसिटर हवाच. दोन्हींच्या पायांचा क्रम एएमएस१११७ सारखा नाही. डेटाशीट न बघता जुन्या जागी बसवला की बोर्ड जातो. आणि अशी जोडणी असताना यूएसबी लावायची वेळ आली तर सेल आधी सोडवा.

एमटी३६०८ सारखा बूस्ट मोड्यूल लावून सेलचे ५ व्होल्ट करायचे आणि ते बोर्डावरच्या एएमएस१११७ नं पुन्हा ३.३ करायचे, ही युक्ती बरेच जण करतात. चालते, पण महागात पडते. बोर्डाला ५ व्होल्टवर ०.४ अँप लागले तर सेलमधून ०.६५ अँपच्या आसपास निघतात, म्हणजे अशक्त सेलवर आणखी ओझं. नवा बूस्ट मोड्यूल जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून मीटरवर ५ व्होल्ट आलेले पाहा. कधी कधी तो पाकिटातून वीसच्या वर व्होल्ट देत येतो.

कॅपेसिटर कुठं लावायचा?

जवळ. बोर्डाच्या ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांना चिकटून, पाय दोन सेंटिमीटरच्या आत. सेलच्या होल्डरवर लावलेला कॅपेसिटर वायरीच्या पलीकडे बसतो आणि गरजेच्या क्षणी उपयोगी पडत नाही.

किती मोठा, तेही मोजता येतं: करंट गुणिले वेळ, भागिले किती व्होल्टची घसरण चालेल. ०.४ अँप एक मिलीसेकंद लागले आणि ०.२ व्होल्ट घसरण चालणार असेल तर २००० मायक्रोफॅरड. बहुतेक भार सेलच उचलतो, म्हणून १००० नं काम होतं. त्याच्या शेजारी १०४ चा सिरॅमिक लावा, तो अतिवेगवान झटक्यांसाठी. मोठ्या कॅपेसिटरवर १०५ अंश लिहिलेलं आहे ना ते बघा. ८५ अंशवाला मराठवाड्याच्या दोन उन्हाळ्यांत वाळतो, आणि मग बाहेरून धडधाकट दिसणारा डबा पुन्हा खोड्या करायला लागतो.

शेतात वायफाय नाही म्हणून सिम८००एल हा सिमकार्डाचा मोड्यूल लावला असेल तर वरचा करंट पाचपट धरा. हा मोड्यूल मेसेज पाठवताना २ अँपपर्यंत ओढतो, दर ४.६ मिलीसेकंदाला ०.५८ मिलीसेकंदाचे झटके. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. वाटेत ०.३ ओहम असले तरी झटक्यात ०.६ व्होल्ट जातात आणि ३.८ चा सेल त्याला ३.२ चा दिसतो. लगेच रीस्टार्ट. दिवा पाच-सात वेळा लुकलुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून, हे त्याचं लक्षण. त्याला रेग्युलेटर न लावता सेलमधून सरळ, जाड आणि आखूड वायरीनं जोडा, शेजारी २२०० मायक्रोफॅरड. वाट तपासताना २.२ ओहमचा रेझिस्टर वापरा, पण तीन-चार सेकंदच; तो लगेच चटका देतो.

टॉवर लांब असेल तर मोड्यूल जास्तीत जास्त जोर लावतो. म्हणून अँटेना डब्याबाहेर, खांबावर उंच न्या. सिम घालताना हेही पाहा की हा मोड्यूल फक्त टूजीवर चालतो आणि जिओचं टूजी नेटवर्क नाही. जिओचं सिम घातलं की तो दिवसभर टॉवर शोधत बसतो आणि सेल संपवतो. दोष मात्र सेलवर जातो.

झोपेतली गळती

इथून पुढं प्रश्न दुसरा: डबा रीस्टार्ट होत नाही, पण सेल पंधरा दिवसांत संपतो.

दर अर्ध्या तासाला सहा सेकंद उठणारा बोर्ड धरा, जागेपणी सरासरी १०० मिलीअँप. दिवसाला ४८ वेळा, म्हणजे २८८ सेकंद, ०.०८ तास. खर्च ८ मिलीअँप-तास. झोपेत ०.१ मिलीअँप गेले तर दिवसाला आणखी २.४. एकूण १०.४. सेल २५०० चा असला तर त्यातले २००० धरा: १९० दिवस, खरीप पेरल्यापासून रब्बीच्या मध्यापर्यंत. आता तोच बोर्ड झोपेत ८ मिलीअँप घेत असेल, तर झोपेचाच खर्च दिवसाला १९२ आणि सगळं मिळून २००. तोच सेल दहा दिवसांत रिकामा. नोडएमसीयूवरची ईएसपी८२६६ ही चिप गाढ झोपेत २० मायक्रोअँपच्या आसपास घेते. बाकीचे ८ मिलीअँप खातात बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप, लाल दिवा आणि चालूच राहिलेला सेन्सर.

मोजण्यासाठी मीटर सेल आणि बोर्ड यांच्या मधे, अधिक वायरीत घाला. सरळ मायक्रोअँपच्या रेंजवर लावला तर बोर्ड उठतच नाही, कारण २००० मायक्रोअँपच्या रेंजला मीटरच्या आत साधारण १०० ओहम असतात. त्यावर युक्ती अशी: मीटरच्या दोन्ही काड्यांना एका जम्परनं शॉर्ट करून ठेवा, बोर्ड चालू करा, तो झोपला की जम्पर काढा. आकडा दिसेल. तो उठण्याआधी जम्पर परत लावा, नाहीतर व्होल्ट पडून बोर्ड उठणारच नाही.

०.३ मिलीअँपच्या वर आकडा आला तर एकेक भाग सोडवत जा. सेन्सरची पॉवर वायर काढा आणि आकडा बघा. दिव्याचा रेझिस्टर उपटा, पुन्हा बघा. सेन्सर सतत चालू ठेवायची गरज नसते. पाच मिलीअँपच्या आत ओढणारा असेल तर त्याची पॉवर सरळ बोर्डाच्या एका पिनवरून द्या, जास्त असेल तर मॉसफेटमधून. ईएसपी८२६६ गाढ झोपेतून उठतच नसेल तर डी० पिन रीसेटला जोडली आहे ना, ते आधी पाहा.

लाईट गेली की सेल संपतो

सेन्सर सेलवर चालतो, मग लोडशेडिंगचा त्याच्याशी काय संबंध? संबंध राऊटरचा आहे. घरची लाईट गेली की राऊटर बंद. बोर्ड अर्ध्या तासानं उठतो, वायफाय शोधतो, सापडत नाही, आणि साध्या प्रोग्राममध्ये ‘जोडेपर्यंत थांब’ अशी न संपणारी फेरी असते. तो ७०-८० मिलीअँप ओढत तिथंच उभा. भरलेला सेलही पंचवीस-तीस तासांत आडवा होतो, आणि डीपी जळून गाव दोन दिवस अंधारात राहिलं तर नक्कीच. दुरुस्ती प्रोग्राममध्ये एका अटीची: १२ सेकंदांत वायफाय जोडलं नाही तर माप मेमरीत ठेव आणि झोप. सलग तीनदा जमलं नाही तर अर्ध्या तासाऐवजी दोन तास झोप. राऊटरला डीसीचा छोटा यूपीएस लावला तर फारच उत्तम.

प्रत्येक मेसेजबरोबर सेलचे व्होल्ट आणि मागच्या रीसेटचं कारण, एवढ्या दोन गोष्टी पाठवा. व्होल्ट मोजायला एक-एक लाख ओहमचे दोन रेझिस्टर विभाजक (व्होल्ट निम्मे करणारी जोडी) म्हणून पुरतात. ते फक्त २१ मायक्रोअँप खातात. मधल्या बिंदूवर १०४ चा कॅपेसिटर लावा, नाहीतर आकडा नाचतो. ईएसपी८२६६ ची चिप ए० या पिनवर १ व्होल्टपर्यंतच मोजते, पण नोडएमसीयूवर विभाजक आधीच असतो आणि तिथं ३.३ चालतात. तोच विभाजक आकडा थोडा खाली ओढतो, म्हणून मीटर लावून एकदा गुणक जुळवून घ्या. व्होल्ट वायफाय सुरू होण्याआधी नव्हे, मेसेज पाठवल्यानंतर लगेच मोजा. थकलेल्या सेलचं खरं रूप तेव्हाच दिसतं.

ऊन, धूळ आणि काळी माती

लिथियम आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मे महिन्यात सावलीतच ४२ अंश असतात, आणि उन्हातल्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात त्याहून बरेच जास्त. टीपी४०५६ च्या चिपमध्ये तापमान बघायची सोय आहे, पण बाजारातल्या मोड्यूलवर ती पिन ग्राउंडला जोडून टाकलेली असते. म्हणजे सेल भाजत असला तरी चार्जिंग थांबत नाही. डबा पांढरा घ्या, पॅनेलच्या सावलीत, खांबाच्या उत्तर बाजूला बांधा, आणि पॅनेल व डबा यांच्यात चार बोटं हवा खेळू द्या.

शेतात कायमचा डबा बसवायचा असेल तर लिथियम आयनचा नाद सोडून ३२७०० आकाराचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोलर पथदिव्यांत तोच असतो. उन्हाला सोशीक, ६००० मिलीअँप-तास, आणि ३.२ व्होल्टचा असल्यामुळे ईएसपी त्यावर रेग्युलेटरशिवाय चालते, म्हणजे वरचा अर्धा लेखच टळतो. फक्त तो टीपी४०५६ वर कधीही चार्ज करू नका. त्याची हद्द ३.६ व्होल्ट आहे. त्यासाठी टीपी५००० चा मोड्यूल ३.६ वर लावून वापरा. आणि सेल चार्जरवरून उतरवल्या उतरवल्या बोर्डाला जोडू नका; थोडा वेळ ठेवला की तो ३.४ च्या आसपास स्थिरावतो.

टीपी४०५६ ला पॅनेल ६ व्होल्टचं हवं. १२ व्होल्टचं लावलं की चिप जळते, कारण तिची मर्यादा ८ आहे. मोड्यूल १ अँप मागतो आणि एक वॅटचं पॅनेल भर उन्हातही दीडशे मिलीअँप देतं. ओढाताणीत पॅनेलचे व्होल्ट कोसळतात. म्हणून मोड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहमचा बसवा, चार्जिंग १३० मिलीअँपवर येतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, तिरकेपणा १८ ते २० अंश. ज्वारी काढणीच्या दिवसांत त्यावर इतकी धूळ बसते की आठवड्यातून एकदा ओलं फडकं मारावंच लागतं.

जमिनीत पुरलेल्या वायरीबद्दल एक गोष्ट आपल्याकडचीच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा ती वायर ओढून ताणते. सोल्डर आतून तुटतो आणि पावसाळ्यात माती फुगली की पुन्हा टेकतो. असा दोष महिनाभर छळतो. वायर पाईपमधून न्या, दोन्ही टोकांना वेटोळं करून हातभर ढील ठेवा. उंदरांसाठीही पाईपच. डब्याची सगळी छिद्रं खालच्या बाजूला ठेवा, वायरीभोवती सिलिकॉन भरा, आत सिलिका जेलची पुडी टाका. मुंग्या उबेला येतात आणि त्यांच्या मातीनं दोन पिना जोडल्या जातात. होल्डरच्या टोकांवर हिरवट थर दिसला तर तो खरवडून काढा, स्वच्छ करा आणि व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा.

डबा परत बसवल्यावर आठ दिवस रोज पहाटे ५ चा आकडा वहीत लिहा. पॅनेल नसताना लिथियम आयन सेलचा आकडा दिवसाला एखाद्या शतांश व्होल्टनं उतरत असेल तर सगळं जागेवर आहे. पाच शतांशांच्या वर उतरत असेल तर झोपेतला करंट पुन्हा मोजा. आणि आकडा ३.४ वर आला की मेसेजची वाट न बघता सेल चार्जिंगला काढा.